एक भातवाढी

आमच्या घरात पितळेची एक भातवाढी आहे. माझ्या लग्नात आईनं कुडाळच्या बाजारातून घेऊन दिलेली. तिची एक कड झिजून पातळ झालीय, कारण ३१ वर्षं एकाच हातानं तिला पातेल्याच्या बुडाला घासलंय. चार वर्षांपूर्वी एका रात्री, सगळे झोपल्यावर, मी ती भरून भात वजनकाट्यावर ठेवला. ६० ग्रॅम. शिजलेल्या भातात शंभराला साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं असतात, पोटात गेल्यावर त्यांची साखरच होते, म्हणजे एका भातवाढीत १७ ग्रॅम. चहाचा चमचा चार ग्रॅम साखरेचा धरला तर चार चमचे साखर. मग रोज रात्री ताटात घेते तेवढा भात मोजला. पाच भातवाढ्या. वीस चमचे. आणि मी बाई चहातली साखर बंद केली म्हणून महिनाभर मिरवत होते.

ही गोष्ट २०२१च्या दिवाळीनंतरची. रात्री दोन-दोनदा उठावं लागायचं, घसा सारखा कोरडा. वयाचं काहीतरी असेल, पाळी जायचे दिवस आहेत, असं म्हणून मी ते ढकलत होते. ऑफिसातल्या तपासणी शिबिरात रक्त दिलं तेव्हा कळलं. उपाशीपोटी साखर १६८, जेवणानंतर २७४, एचबीए१सी ८.४. उपाशीपोटीचा आकडा १२६ झाला की मधुमेह म्हणतात आणि एचबीए१सी ६.५ला. मी दोन्ही स्टेशनं कधीच मागे टाकली होती, गाडीत झोप लागल्यासारखी. हा एचबीए१सी तर फारच खडूस प्रकार. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या दिवसांत त्यांना जितकी साखर चिकटली तितकी तो दाखवतो. आदल्या दिवशी लंघन करून त्याला फसवता येत नाही.

वजन ६८ किलो, उंची पाच फूट दोन इंच. डॉक्टर म्हणाले, जाड आहात. मला राग आला, कारण आमच्या लोकलच्या डब्यातल्या बायकांमध्ये मी मध्यम. पण त्यांनी पोटाला टेप लावला आणि राग जागच्या जागी विरला. आपल्याकडे हातपाय काडीसारखे आणि चरबी पोटात, हे नवीन नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली एक फोटो छापला होता. ते स्वतः आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन, शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. हा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा भावाची आठवण झाली. तो ५७ किलोचा, शर्ट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबतो, आणि माझ्या आधी दोन वर्षं त्याला साखर निघाली. गावात कुणाचा विश्वासच बसला नव्हता. देशभराची पाहणी झाली तिचे आकडे २०२३ साली आले, त्यात भारतात दहा कोटींहून जास्त मधुमेही आणि सगळ्या राज्यांत गोवा पहिला, २६.४ टक्के. आमच्या कुडाळहून गोव्याची हद्द फार लांब नाही. ताटात तर ती हद्द नाहीच. तोच भात, तेच हुमण.

सासर साताऱ्याकडचं. त्यामुळे घरात लग्नापासून एक शीतयुद्ध चालू होतं, भात विरुद्ध भाकरी. रिपोर्ट पाहून सासूबाई जराही दचकल्या नाहीत. "अगं, भात खाऊन दुसरं काय होणार? भाकरी खा. भाकरीनं साखर होत नाही." हे त्या अशा खात्रीनं म्हणाल्या की मी दुसऱ्या दिवसापासून भाकरीवर आले. ज्वारीची, त्यांच्याच हातची, तव्याएवढी.

पंधरा दिवसांनी मुलानं ग्लुकोमीटर आणून दिला. बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचायचं, म्हणजे कमी दुखतं, हे मला दहाव्या टोचणीला समजलं. घासाला सुरुवात केल्यापासून बरोबर दोन तासांनी बघायचं. पहिल्या दिवशी मुद्दाम पाच भातवाढ्या भात आणि आमटी: २३८. दुसऱ्या दिवशी दोन भाकऱ्या आणि पिठलं: २२६. मी मीटर सासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, आकडा वाचला, मीटर उलटा करून मागची बाजू पाहिली आणि म्हणाल्या, "चायनाचा असेल."

चायनाचा नव्हता. ज्वारीच्या पिठातही शंभर ग्रॅममागे सत्तरच्या आसपास कर्बोदकंच असतात, थोडे तंतू जास्त एवढंच. तव्याएवढी एक भाकरी म्हणजे ६०-७० ग्रॅम पीठ. गणित करायला कागद लागत नाही. त्या दिवसापासून शीतयुद्ध संपलं, कारण दोन्ही पक्ष हरले.

कमी कर्बोदकांचं जेवण म्हणजे काय यावर आमच्या सोसायटीत मतांची कमी नाही. दोन-चार वर्षं आधी डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची लाट महाराष्ट्रभर येऊन गेली होती. दिवसातून दोनदाच जेवायचं, ५५ मिनिटांत, मध्ये काही नाही. समोरच्या विंगेत ऋजुता दिवेकर यांची मंडळी: दर दोन तासांनी थोडं थोडं खा, भात-तूप बिनधास्त खा. दोन्हीकडचे लोक बारीक झालेले आणि दोन्हीकडचे लोक पुन्हा जाड झालेले मी लिफ्टमध्ये पाहिले आहेत. मला डॉक्टरांनी साधं सांगितलं होतं की दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम कर्बोदकांच्या आत राहून बघा. केटोवाले वीस ते पन्नास ग्रॅमवर येतात. तेवढं मला झेपणारं नव्हतं आणि माझ्या घरात तर मुळीच नाही. आपल्या देशात एकूण ऊर्जेतला साठ टक्क्यांहून मोठा हिस्सा कर्बोदकांतून येतो. तिथे सव्वाशे ग्रॅमसुद्धा शेजाऱ्यांना उपासमार वाटते.

पण ताटातला भात कमी करूनही आकडा हलेना. इथे मला माझीच चोरी सापडली.

रात्री सव्वादहाला ओट्यापाशी मी एकटी असते. पातेल्यात भात उरलेला असतो, फ्रीजमध्ये ठेवावा इतका नाही आणि टाकावा इतका कमी नाही. तळाची खरपुडी, कडेला लागलेली आमटी. मुलाच्या ताटात सोडलेला पोळीचा चतकोर. मी ते सगळं एकत्र करते, वर चमचाभर दही, आणि उभ्या उभ्या, डाव्या हातानं ओटा पुसत खाते. याला मी जेवण म्हणत नव्हते. माझी आई असंच करायची, तिची आईही. अन्न वाया जाऊ नये म्हणून बाईचं पोट हा घरातला शेवटचा डबा. आठ दिवस मी हे उभ्याचं खाणं वजनकाट्यावर ठेवलं. रोजचं दीडशे ते दोनशे ग्रॅम निघालं. घरात कुणालाही विचारा, ते सांगतील की ही तर रात्री भातच खात नाही.

उपाय सोपा होता आणि तो करायला मला तीन आठवडे लागले. तांदूळ अर्धी वाटी कमी घ्यायचा. एखाद्या दिवशी भात कमी पडला तर पडला. पहिल्यांदा कमी पडला त्या रात्री नवऱ्यानं पातेलं तिरकं करून आत पाहिलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू महिन्याच्या वीस तारखेला पगार संपला.

पहिल्या आठवड्यात वजन दोन किलो उतरलं. मी हवेत. डॉक्टरांनी खाली आणलं. शरीर साखरेचा थोडा साठा स्नायूंत आणि यकृतात ठेवतं आणि त्या साठ्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. साठा उतरला की पाणी जातं. चरबी नंतर जाते, तिच्या सवडीनं. तसंच झालं. पुढचे सहा किलो जायला अकरा महिने लागले.

मात्र त्याआधी मी जे केलं ते कुणी करू नये. मला मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइडची गोळी होती. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवला असा किंवा नसा. भात-भाकरी निम्म्यावर आणली आणि गोळी मात्र तेवढीच ठेवली. डॉक्टरांना सांगायचं डोक्यातच आलं नाही. संध्याकाळची फास्ट लोकल, बायकांचा डबा, दुपारी डब्यात फक्त अंड्याची भुर्जी आणि काकडी. मुलुंड गेलं आणि माझे हात थरथरायला लागले. घाम असा की ब्लाउज पाठीला चिकटला, आणि भूक, पण नेहमीची भूक नव्हे, चोरासारखी आत शिरलेली. समोरची बाई मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलत होती. ती काहीतरी विचारत होती, मला तिचे ओठ हलताना दिसत होते आणि शब्द उशिरा पोचत होते. तिनं मटार बाजूला ठेवून माझा हात धरला आणि डबाभर ओरडली, "कुणाकडे गोड आहे का गं?" चारी बाजूंनी हात आले. लिमलेटच्या गोळ्या, अर्धा पारले-जीचा पुडा, फ्रूटीचा टेट्रापॅक. मी फ्रूटी घेतली. पंधरा मिनिटांत, डोंबिवली यायच्या आत, जग पुन्हा जागेवर आलं. मटारवाली बाई कल्याणला जाणारी होती, तरी माझ्याबरोबर उतरली आणि रिक्षात बसवून मगच गेली. तिचं नाव विचारायचं राहिलं.

घरी येऊन पाहिलं तर ८८. फ्रूटीच्या आधी किती असेल कोण जाणे. सत्तरच्या खाली गेली की तिला कमी साखर म्हणतात आणि ती जास्त साखरेपेक्षा फार लवकर माणसाला आडवं करते. डॉक्टरांनी ऐकून आधी डोळे मिटले, मग ग्लिमेपिराइड बंद केली. माझ्या मैत्रिणीला दुसऱ्या प्रकारची गोळी आहे, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी. तिला तर त्यांनी एकदम भात-पोळी तोडायला मनाईच केलीय. त्या गोळीवर कर्बोदकं फार कमी केली तर रक्तात आम्ल साठू शकतं आणि मीटरवर साखर फारशी वाढलेली दिसतही नाही. आता कुणी बसस्टॉपवर मला "तुम्ही काय खाता?" विचारलं की मी आधी "तुम्ही कोणत्या गोळ्या घेता?" विचारते. लोकांना हे आवडत नाही. त्यांना रेसिपी हवी असते.

रेसिपीचं म्हणाल तर फ्लॉवर किसून त्याचा भात करतात, तो मी एकदा केला. शिजताना घरभर जो वास सुटला त्यावर मुलगा म्हणाला, "गॅस लीक होतोय का?" त्यानंतर फ्लॉवर भाजीतच बरा. बदामाच्या पिठाची पोळी केली, ती लाटताना फाटली आणि बदामाचा भाव आठवून मीही. शेवटी टिकलं ते सगळं घरातलंच निघालं. शेपू, माठ, दुधी, वांगं. भरपूर ओलं खोबरं. ताक. अंडी. आणि बांगडा. मासे खाणाऱ्या माणसाला हा आहार निम्मा सोपा आहे, हे मी कबूल करते. फक्त रव्यात घोळवायचा नाही, नुसती हळद-तिखट-आगळ लावून तव्यावर टाकायचा. शाकाहारी मैत्रिणींचे हाल जास्त. डाळी-उसळींत प्रथिनं असतात तशी कर्बोदकंही असतात, मग पनीर, सोयाबीन, शेंगदाणे यांवर किती दिवस काढणार?

आणि उपास! संकष्टी आणि दोन एकादश्या. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात बटाटा. खिचडीची एक बशी, दोन तासांनी २७१. देवासाठी उपाशी राहून लग्नाच्या पंगतीपेक्षा जास्त साखर. मी आता उपासाला दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, दही आणि खोबऱ्याचा तुकडा खाते. सासूबाईंच्या मते हा उपास नव्हे. पण एका संकष्टीला त्यांनी स्वतःसाठीही तीच कोशिंबीर मागितली, चंद्रोदयाला वेळ होता म्हणून, असं म्हणाल्या.

सगळ्यात चांगली युक्ती मला नैवेद्याच्या पानानं शिकवली. पान वाढताना आधी मीठ, लिंबू, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, आणि सगळ्यात शेवटी मधोमध भाताची मूद, वर वरण, तुपाची धार. वाढतो या क्रमानं, पण खाताना पहिला हात मुदीवर. मी वाढायच्या क्रमानंच खायला लागले. आधी कोशिंबीर संपवायची, मग भाजी, मासा नाहीतर अंडं, आणि भात शेवटी, एक भातवाढी, ताक घालून. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात २०१५ साली मोजक्या लोकांवर असा प्रयोग झाला होता: तेच जेवण, तीच माणसं, फक्त भाज्या आणि कोंबडी आधी, पाव नंतर. साखर बरीच कमी चढली. माझ्याही मीटरवर तेच दिसतं, दीडशेच्या आत-बाहेर. त्यावर गच्चीत पंधरा मिनिटं शतपावली केली की आणखी दहा-वीस उतरते. शतपावलीला कुणी पेटंट घेतलेलं नाही म्हणून तिची जाहिरात होत नाही.

सगळंच माझ्या हाती आलंय असं नाही. रात्री नुसती भाजी आणि मासा खाऊन झोपले तरी सकाळी १३५ असते कधी कधी. काही खाल्लं नाही तर ही आली कुठून? पहाटे यकृत स्वतःहून साखर सोडतं, शरीराला उठवायला. घरातल्याच माणसानं केलेली चोरी, तक्रार कुठे करणार? आणि एका मे महिन्यात तर मीटरवर ३४२ आले. दोन तास मी रडवेली. मग लक्षात आलं की भाच्यांना हापूस सोलून दिल्यावर मी हात नुसते पदराला पुसले होते. साबणानं धुऊन पुन्हा टोचलं तर १५१. त्या दिवशी मी आंबा खाल्लाही नव्हता.

आता वजन ६० आणि एचबीए१सी ६.३. मेटफॉर्मिन चालू आहे, त्यामुळे डॉक्टरांच्या भाषेत हा मधुमेह माघारी गेलेला नाही. औषधाशिवाय तीन महिने ६.५च्या खाली राहिलं तर ते तसं म्हणतील. राहील की नाही, बघू. कोलेस्टेरॉलवर लक्ष आहे, खोबऱ्याचा हात जरा आवरलाय.

भुकेचं काही नाही हो, भूक महिनाभरात शहाणी होते. अवघड जातो तो आग्रह. मुंजीत, बारशाला, हळदीकुंकवाला, "एक खाल्ल्यानं काय होतंय?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचे दर मला ठाऊक आहेत: एक करंजी, एक जिलबी, एक पुरणपोळी. ताटावर आडवा हात धरणं हा आपल्याकडे खाण्याला नाही, माणसाला दिलेला नकार असतो. आणि सगळ्यांत अवघड आई.

आई ८३ वर्षांची. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात, रात्री भात. गेल्या मेमध्ये गेले तेव्हा तिनं नेहमीप्रमाणे माझ्या ताटात भाताचा डोंगर केला आणि मी हात आडवा धरला.

"भात नाय खातंस? मगे खातंस तरी काय?"

मी काय खाते ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. बांगड्याचे दोन तुकडे जास्त वाढले, काकडी कापून आणली, शेवटी विचारलं, "आता?" मी म्हटलं, एक भातवाढी. तिनं मोजून एकच वाढली, आणि ती वाढताना तिचं तोंड असं झालं होतं की मला ती दुसरीही घ्यावीशी वाटली. घेतली नाही.

दुपारी ती पडवीत बसून माझं टोचणं बघत होती. "माझा पण बघ." तिच्या बोटाची कातडी इतकी जाड, की सुई दोनदा मारावी लागली. जेवून दोन तास झाले होते, ताटभर भात जेवून. ११८.

"म्हणजे मी पास झालंय मां?"

मी मान हलवली. रात्री ताटं मी घेतली. ती पाटावर बसली, कोशिंबिरीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मगे वाढ थोडो भात."

मी चार भातवाढ्या वाढल्या. तिनं ताट पुढे सरकवलं, तशी पाचवी.